सीएफएलखालचा झेंडू

सीएफएलच्या पांढऱ्या उजेडात झेंडूचे केशरी फूल शिळ्या लिंबासारखे दिसते. ही माहिती कोणत्याही डब्यावर छापलेली नव्हती. त्या आठवड्यात मी जो तक्ता तयार करत होते, त्यातही तिला जागा नव्हती.

तक्ता दिवाळीच्या पुरवणीसाठी होता. ती भारनियमनाची वर्षे होती. अमरावती शहरात रोज काही तास वीज नसे, खेड्यांत ती असण्याचेच तास मोजावे लागत. वर्तमानपत्राची आतली पाने शेतीच्या वाईट बातम्यांनी भरत होती. निदान पुरवणीत तरी वाचकाच्या हाती काही उपयोगाचे द्यावे, असे संपादकांचे म्हणणे पडले आणि विषय ठरला : घरात कोणता दिवा लावणे परवडते? पिवळा बल्ब, ट्यूबलाइट, सीएफएल आणि तेव्हा नुकताच विजेऱ्यांमध्ये दिसू लागलेला एलईडी. खरेदीची किंमत, विजेचा खर्च, टिकाऊपणा. असे तीन रकाने.

कागदावर पिवळ्या बल्बची बाजू अगदीच पडती होती. तो घेतलेली बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, उजेडासाठी थोडीच उरते. सीएफएल तेवढाच उजेड साधारण पाचव्या हिश्श्याच्या विजेत देतो आणि डब्यावरच्या शब्दावर विश्वास ठेवला तर कितीतरी पट टिकतो. मात्र एका सीएफएलच्या किमतीत पिवळ्या बल्बांची पिशवी भरते. ट्यूब या दोघांच्या मधली. पण व्होल्टेज पडले की ती पेटत नाही, नुसती डोळे मिचकावत राहते, आणि वऱ्हाडातल्या खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतेच. एलईडीच्या बल्बची किंमत विचारली तेव्हा दुकानदार हसले होते.

भावांची खात्री करायला मी अकोल्याच्या ठोक बाजारात गेले. तिथे एका दुकानात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ सीएफएलचे खोके सोडून बसले होते. एकेक दिवा कानाशी नेऊन हलवायचा, मग दुकानदाराच्या पाटीवरच्या होल्डरमध्ये लावायचा, पेटला की बुडाला हात लावून पाहायचा, असे चालले होते. ते मूळचे अकोल्याचे, पण अमरावतीत मंडप आणि लाइटचा धंदा करत. मी त्यांना तोंडओळखीने जाणत होते. राजापेठेत रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या, फुलवाल्यांना ते संध्याकाळपुरता जनरेटरवरून दिवा भाड्याने देत. अशा एका दिव्याला पॉइंट म्हणतात. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणे.

मी डब्यावरचा मजकूर उतरवून घेत होते. ते पाहून चाचा म्हणाले, “डब्ब्यावरचं काय लिहून रायली बाई? ते घरच्या बल्बाचं हाय. एकदा लावला का वर्षानुवर्षं कोनी हात लावत नाही त्याले. माहा बल्ब रोज बारदान्यात जाते, रोज हातगाडीवर आदळते. त्याचं कोनी लिहून ठेवलं का?”

“मग एवढे घेता कावून?” मी विचारले.

“कावून म्हनजे! माह्या मशिनीवर शंभर वॅटचे वीस बल्ब लागतात. एकविसावा लावला का मशिन रडते. हे लावले त चौपट पॉइंट. अर्धा बजार अंधारात बसते न् मले शिव्या घालते. आता दसऱ्याले पाहा, सगळ्याइले उजेड देतो का नाई ते.”

दुकानदाराने हळूच विचारले, “न् भाडं?”

“भाडं तेवढंच,” चाचा म्हणाले आणि पुढचा दिवा कानाशी नेला.

त्यांचा हिशेब चोख होता. दिव्याची किंमत, फुटतूट, रॉकेल, पॉइंटांची वाढ, सगळे त्यांनी धरले होते. माझ्या तक्त्यापेक्षा तो खराही होता, कारण त्यात बारदाना आणि हातगाडी होती. दोन्ही हिशेबांत रंग तेवढा नव्हता.

माझी आत्या मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका खेड्यात दिलेली. घरची थोडी शेती, विहिरीला जेमतेम पाणी. भाजी आणि फुले काढून ती आणि तिचे घरचे बाजार करत. त्या वर्षी तिने कपाशीचा एक तुकडा कमी करून तिथे झेंडू लावला होता. कपाशीवरचा भरवसा उडाला होता आणि झेंडू दसऱ्याला नगद पैसे देतो, एवढाच त्यातला विचार. त्या पैशांतून त्याच तुकड्यासाठी हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे होते. म्हणजे सगळे एका संध्याकाळवर आणि एका सकाळवर होते. दसऱ्याच्या दुपारनंतर झेंडूला गिऱ्हाईक नसते. दाराला तोरण लागले, गाडीला हार पडला की उरलेले फूल कचरा होते. ते परत न्यायचे भाडेसुद्धा निघत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे तोडलेली फुले जुन्या लुगड्यांत बांधून ती टेम्पोने आली. राजापेठेत तिची दरवर्षीची जागा ठरलेली. दुपारी मी तिला जेवण घेऊन गेले आणि सोबत थांबले. उन्हात तिचा ढीग असा दिसत होता की जाणारे दुचाकीवाले मान वळवत. “दिवस बुडाला का गर्दी येते,” आत्या म्हणाली. “नोकरीवाले लोक संध्याकाळीच निंगतात.” तिने भाव जरा ताणून धरला होता.

दिवस बुडाला. वीज नव्हतीच. चाचांच्या जावयाने जनरेटरची दोरी ओढली आणि रस्त्याच्या कडेने टांगलेले सगळे सीएफएल एकदम पेटले. एवढा उजेड त्या रस्त्याने कधी पाहिला नव्हता. मागच्या वर्षी जिथे मेणबत्त्या होत्या तिथेही दिवे होते. क्षणभर लोकांनी मान वर करून पाहिले.

मग फुलवाल्या खाली पाहू लागल्या. आत्या बसल्या जागी ताठ झाली. तिने ढिगातले एक फूल उचलले, नाकाशी नेले, दुसरे उचलले, ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचे काढले. सगळी तशीच. केशरी रंग गेला होता. फिकट, हिरवट झाक असलेली पिवळी फुले समोर होती आणि ती तिच्या शेतातली वाटत नव्हती.

“हे काय व झालं माह्या फुलाले?” तिने शेजारणीला विचारले.

शेजारीण बडनेऱ्याकडची, अंगाने भरलेली, सुईदोऱ्याने हार ओवत बसलेली. “तुह्याच नाई, माह्या बी फुलाले झालं. काविळ झाल्यावानी दिसून रायले.”

“ओ चाचा!” आत्याने हाक मारली. “हे काय टांगलं तुमी? मागच्या वर्षीचा बल्ब लावा.”

चाचा ओळ तपासत येत होते. “तो नाई आता बहन. हा नवा हाय. खाते कमी, देते जास्त.”

“जास्त देते त माहा झेंडू कोठी गेला?”

“उजेड हाय ना भरपूर?”

“उजेड हाय. रंग नाई.”

“उजेड देनं माहं काम. रंग वरतून येते,” चाचांनी आभाळाकडे बोट दाखवले. आजूबाजूच्या बाया हसल्या. बडनेऱ्याची बाई म्हणाली, “बल्ब बारीक झाला चाचा, त भाडंबी बारीक करा ना बाप्पा.” चाचा हसत पुढे गेले. त्यांना ती थट्टा वाटली होती.

पहिले गिऱ्हाईक स्कूटरवरचे जोडपे होते. बाईने फूल हातात घेऊन उलटे करून पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, “कालची दिसतात.” आत्याने देठाचा ओला काप दाखवला, आज पहाटेची आहेत म्हणून सांगितले. बाई म्हणाली, “असतील. पण रंग नाही.” दुसरे गिऱ्हाईक ढीग पाहून पुढे गेले. तिसऱ्याने अर्ध्या भावात मागितली. आत्याने ढीग आपल्याकडे ओढून घेतला. सकाळी तोडलेल्या फुलाला कोणी शिळे म्हणेल, ही गोष्ट तिच्या समजण्यापलीकडची होती.

तिने पदर खोचला. “बस अठी,” मला म्हणाली आणि मागच्या गल्लीत गेली. परतली तेव्हा पदराखाली हात होता.

“लय गर्दी हाय व बिजलीच्या दुकानात,” ती म्हणाली. “सनाची असन.”

इकडेतिकडे पाहून तिने सीएफएल काढला, टोपलीत फुलांखाली सारला आणि शंभरचा पिवळा बल्ब होल्डरमध्ये बसवला. ढिगाचा रंग जागेवर आला. फुले तीच, पण आता ती पुन्हा केशरी होती, आणि रस्त्याच्या मधोमध चाललेला एक माणूस वळून सरळ तिच्याकडे आला.

मी म्हटले, “मशिनवर ताण येईल.”

“एका बल्बानं? एवढी मोठी मशिन न् एक बल्ब जड होते काय तिले?”

विक्री सुरू झाली. आत्या तोलत होती, मी पुड्या बांधत होते. काही वेळाने पिवळा बल्ब लालसर होऊ लागला. दूरचा जनरेटरचा आवाज खोल गेला, चढावर ओझे ओढणाऱ्या गाडीसारखा. चणेवाल्याचा, चपलावाल्याचा, पाणीपुरीवाल्याचा सीएफएल थरथरू लागला. चाचांचा जावई यंत्रापाशी होता. मशिन बंद पडू नये म्हणून त्याने रेस वाढवली, तरी ते भागेना, तेव्हा रेसचा खटका पार वर ओढून दोरीने बांधून टाकला. आवाज वाढला, उजेड थोडा सावरला. आणि काय बिघडले ते पाहायला चाचा विजेरी घेऊन ओळीने निघाले.

निरोप त्यांच्या पुढे धावला. “चाचा येऊन रायले व! चाचा!” एका तोंडून दुसऱ्या तोंडी.

पुढचे सगळे फार थोड्या वेळात घडले, म्हणून क्रमाने लिहिते. आत्याने पदराने धरून बल्ब काढला. शेजारणीने तिचा काढला, तेव्हा मला प्रथम कळले की तिच्याकडेही पिवळा होता; पुड्या बांधण्याच्या घाईत मी मान वर केलीच नव्हती. पलीकडचीचाही विझला, तिच्या पलीकडचीचाही. समोरच्या कडेची आख्खी रांग विझली. राजापेठेतल्या जवळजवळ प्रत्येक फुलवालीने त्या संध्याकाळी शंभरचा बल्ब आणून लावला होता आणि प्रत्येकीने तो एकाच वेळी काढला.

जनरेटरवरचे ओझे एकदम उतरले. रेस मात्र बांधलेली होती. मशिन किंचाळल्यासारखी सुसाट सुटली. जे सीएफएल जागेवर होते ते डोळ्यांना सोसवेना इतके पांढरे झाले. फुलवाल्या घाईघाईने, आपण काही केलेच नाही असे दिसावे म्हणून, चाचांचे सीएफएल परत होल्डरमध्ये बसवत होत्या. ते बसत होते आणि फुटत होते. फट्, फट्, रांगेने. प्लास्टिक जळाल्याचा उग्र वास आला. एका होल्डरमधून धूर निघाला. मग जावयाने दोरी तोडली, मशिन बंद केली आणि राजापेठ काळी झाली.

आत्याचा सीएफएल वाचला होता. पिवळा बल्ब इतका तापलेला होता की तिचा हात भाजला आणि दुसरा दिवा लावायला तिला जमलेच नाही.

कोणी ओरडले नाही. सणाच्या बाजारातला अंधार नेहमी गोंगाटाचा असतो, हा नव्हता. दोन-चार मोटरसायकलवाल्यांनी गाड्या वळवून दिवे रस्त्यावर टाकले. त्या उजेडात चाचा उभे दिसले. त्यांनी एका होल्डरमधला सीएफएल काढला, सवयीने कानाशी नेऊन हलवला. मग दुसरा. मग तिसऱ्याकडे नुसते पाहिले, काढला नाही.

“ज्याच्यापाशी पिवळा हाय,” ते म्हणाले, “त्यानं सांगा.”

पदर आणखी घट्ट आवळले गेले. मग रांगेतली एक म्हातारी “आई व!” म्हणून उठली आणि तिच्या मांडीवरून तापलेला बल्ब घरंगळत रस्त्यावर पडून फुटला. तिच्या पदराला भोक पडले होते. त्या आवाजावर समोरची बाई हसली, हसताना तिच्या हातातला बल्ब दिसला. मग एकेकीचे पदर उघडू लागले.

“तुमी सगळ्याइनं लावले?” चाचांनी विचारले. आवाज रागाचा नव्हता. माणूस आपल्याच घरात चुकीच्या दारातून शिरला तर जसे विचारेल तसा होता.

“सगळ्याइनं कायले? म्या एकटीनंच लावला होता,” बडनेऱ्याची बाई म्हणाली. नेमके तेच आत्या म्हणाली. पलीकडचीनेही तेच म्हटले. तिघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. लावताना प्रत्येकीचा अंदाज एका बल्बचा होता आणि तो अंदाज चुकीचा नव्हता. एक बल्ब त्या मशिनने सहज ओढला असता.

चाचा पदपथाच्या कडेला बसले. त्यांनी नवा माल आणून आठवडाही झाला नव्हता. नंतर ते जळालेले दिवे त्यांनी अकोल्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेले, तेव्हा त्यातले काही आतला एखादा भाग बदलून पुन्हा पेटले, बहुतेक पेटले नाहीत. पुढे काही वर्षांनी एलईडी स्वस्त झाला, त्यात पिवळसर उजेडाचेही दिवे आले, व्होल्टेजच्या चढउतारात ते बऱ्यापैकी तग धरू लागले आणि तो सगळा पेच निकालात निघाला. पण त्या संध्याकाळची वस्तुस्थिती अशी होती : मोजके सीएफएल सोडले तर सगळ्यात कमी टिकणारा, सगळ्यात जास्त वीज खाणारा आणि सगळ्यात स्वस्त दिवा तेवढा त्या बाजारात जिवंत उरला होता, आणि तो टिकाऊ होता म्हणून नव्हे, तर लपवला होता म्हणून.

“मग आता?” आत्याने विचारले. “आमी का अंधारात बसाव काय? उद्या दुपारी हे फूल कोन घेईन?”

चाचा उठले. “वीस,” ते म्हणाले. “वीसच्या वर एक बी लावला त मशिन बंद करून मी घरी जातो. न् जमा झालेला बल्ब कोनाचा हाय ते मी पायनार नाई.”

ते रस्त्याच्या टोकाला गेले आणि जागा मोजत निघाले. तीन सोडून चौथीला बल्ब. कोणाचे कोण ओळखीचे, कोणाची जागा किती जुनी, हे त्यांनी धरले नाही. चणेवाला, चपलावाला यांना वाचलेले मोजके सीएफएल मिळाले. आत्याचा स्वतःच्या पैशाने आणलेला बल्ब तिच्या हातातून घेतला गेला आणि तिच्या शेजारी, बडनेऱ्याच्या बाईच्या डोक्यावर लागला.

“माहा बल्ब हाय तो!”

“न् माहा कोठी गेला? तो तिकडं पेटून रायला पाय, त्या टकल्याच्या दुकानावर,” बडनेऱ्याची बाई म्हणाली. “सरक इकडं. कावून भांडून रायली?”

आत्या सरकली. पलीकडच्या दोघीही सरकल्या. प्रत्येकीने आपला ढीग उजेडाकडे ओढला. जागा एका बल्बाच्या वर्तुळाएवढी, ढीग चार. थोड्या वेळात ते एकमेकांत मिसळले. कोणाचे फूल कोणते हे सांगता येईना, तेव्हा एकीने तोलायचे, एकीने पैसे घ्यायचे, भाव एकच आणि सकाळी समान वाटा, असे ठरले. एरवी शेजारीशेजारी बसून त्या एकमेकींचे गिऱ्हाईक ओढत. आता ओढायला कोणी नव्हते. भाव टिकला. बाजार उठेपर्यंत निम्म्याच्या वर ढीग गेला. “उद्या सकाळी बाकीचं जाते,” आत्या म्हणाली. तिने हरभऱ्याचा हिशेब मनात मांडलेला दिसत होता. चौघी तिथेच फुलांना टेकून पडल्या.

मी घरी जाऊन पहाटे परत आले. उजाडत होते. सूर्य अजून वर आला नव्हता, पण रंग दिसू लागले होते.

आदल्या संध्याकाळी आम्ही जे पाहिले होते ते दिव्यांखालचे होते. प्रत्येक वर्तुळात तीन-चार ढीग. वर्तुळांच्या मध्ये आणि दिव्यांची ओळ संपते त्याच्या पुढे काय आहे, हे कोणालाच दिसत नव्हते. आता दिसले. रस्ता जिथवर नजर जाईल तिथवर केशरी होता. गल्ल्यांच्या तोंडाशी केशरी होता. भारनियमनामुळे उजेड नाही म्हणून मागे थांबलेले टेम्पो, रात्रीतून आलेले टेम्पो, त्यांच्या हौद्यांत फुलांच्या राशी. दूर तेल्हाऱ्याकडचे लोक होते. ज्यांना मी कधी फुलांच्या बाजारात पाहिले नव्हते, कापूस विकताना मात्र पाहिले होते, असे लोक होते. आत्याने जो विचार एका तुकड्यापुरता केला होता, तो जिल्ह्यातल्या किती जणांनी आपापल्या तुकड्यापुरता केला होता, ते समोर मांडलेले होते. मी बातमीदार होते, दोन जिल्ह्यांतली पिके, पेरा, भाव लिहीत होते, आणि हे मला माहीत नव्हते.

शेजारच्या तिघी नळावर तोंड धुवायला गेल्या होत्या. आत्या पदपथाच्या कठड्यावर चढून उभी राहिली.

“एवढे?” ती म्हणाली. मग खाली उतरली.

रस्त्याने एक सजावटवाला आला. दुकाने, गाड्या सजवण्याचे काम घेणारा. हातात चहाचा कप, झोप पुरी न झालेला. त्याने अजून पलीकडचे टेम्पो पाहिले नव्हते. त्याने सहज भाव विचारला.

“सारा ढीग घेतो काय?” आत्याने विचारले.

“साऱ्याचं काय सांगता?”

आत्याने जो भाव सांगितला तो आदल्या संध्याकाळच्या निम्म्याहून कमी होता. मला वाटले मी चुकीचे ऐकले. सजावटवाल्यालाही तसेच वाटले असावे, कारण त्याने घासाघीस न करता खिशात हात घातला आणि हातगाडीवाल्याला हाक मारली. ढीग चौघींचा होता. आत्याने कोणाला विचारले नाही.

तिघी परत आल्या तेव्हा जागा झाडलेली होती.

“फुलं कोठी गेले व?”

“इकले.”

“कसे देल्ले?”

आत्याने सांगितले.

त्यानंतर तिला जे ऐकावे लागले ते सगळे लिहिण्यासारखे नाही. “तुले कोनं सांगतलं इकाले? तुह्या बापाचे होते काय?” बडनेऱ्याची बाई तिच्या अंगावर धावून गेली. “एका बल्बाखाली बसलो त मालकीन झाली व तू!” दुसरीने तिचा खांदा धरून हलवला. तिसरी रडायला लागली. आत्याने पैशांचे चार वाटे केले, तिघींच्या पुढे ठेवले, आपला कमरेला खोचला. माणसाने एवढे बोल ऐकून घेऊन गप्प कसे राहावे, हे मला समजत नव्हते. ती खाली पाहत नव्हती. रस्त्याच्या टोकाकडे पाहत होती.

ऊन चढू लागले. टेम्पोवाले फुले उतरवू लागले. प्रथम एकाने भाव उतरवला, मग त्याच्या शेजाऱ्याने. थोड्या वेळाने ओरडून सांगायला लागले, मग पोत्याच्या हिशेबाने द्यायला लागले. गिऱ्हाईक यायचे, एका ढिगाशी थांबायचे, पुढे आणखी स्वस्त असेल म्हणून पुढे जायचे, आणि पुढे खरोखरच आणखी स्वस्त असायचे. दुपार व्हायच्या कितीतरी आधी एका टेम्पोवाल्याने हौद्याचे फळकूट पाडले आणि सगळी फुले रस्त्याच्या कडेला लोटून दिली. मोकळा टेम्पो तरी लवकर परत नेता येईल म्हणून. त्याच्यामागे दुसऱ्याने तेच केले. गाई आल्या. त्यांनीही थोडीच खाल्ली.

बडनेऱ्याची बाई हे पाहत आत्याशेजारी बसली होती. मघाशी अंगावर धावून गेलेला तिचा हात आता मांडीवर पडलेला होता. तिने आभार मानले नाहीत. बरे झाले असेही म्हटले नाही. एवढेच म्हणाली, “तरी इचारून इकाव लागत होतं.”

“इचाराले गेली असती त तुमी इकू देल्लं नसतं,” आत्या म्हणाली.

“नसतंच देल्लं,” ती म्हणाली आणि उठून आपली लुगडी झटकायला लागली.

आत्याला मी मूर्तिजापूरच्या गाडीत बसवून दिले. वाटेत तिने बियाण्याच्या दुकानापाशी रिक्षा थांबवली. तिच्या पैशांत अर्ध्या तुकड्यापुरता हरभरा आला. दुकानदाराने उरलेला नंतर न्या म्हटले, पैसे नंतर द्या म्हटले. तिने नको म्हटले. पोते उचलून पाहिले, हलके वाटले म्हणून पुन्हा तराजूवर ठेवायला लावले. वजन बरोबर होते.

त्या वर्षी त्या तुकड्याच्या अर्ध्यात हरभरा पेरला गेला. दुसऱ्या अर्ध्यात झेंडूची झाडे तशीच उभी राहिली. दिवाळीतही झेंडूचा भाव तोडणीला परवडेल असा नव्हता; मी गेले तेव्हा ती पुन्हा फुलली होती, पहिल्यापेक्षा दाट, आणि बांधावरून जाणाऱ्या बकऱ्यांना आत्या हाकलत नव्हती.